एकरंगी ओंबी

माझी ताई हट्टी आहे असं सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. हट्टी मी आहे. ताई चिवट आहे. हट्टी माणूस भांडतो, चिवट माणूस "बरं, बरं" म्हणतो आणि शेवटी स्वतःला हवं तेच करतो. आम्ही दोघी एकाच गहू संशोधन केंद्रात काम करतो. ती शेतात उभी राहून गव्हाचे संकर करते आणि मी प्रयोगशाळेत बसून त्या संकरांच्या पेशींपासून रोपं वाढवते. तिच्या चपलांना माती असते म्हणून मी तिला माझ्या खोलीत येऊ देत नाही. मला ऊन लागलं की मी डोकं धरून बसते म्हणून ती मला शेतात येऊ देत नाही. असं आमचं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

ताईचा सगळा जीव निळ्या गव्हात अडकलेला. हा निळा रंग दाण्याच्या सालीखालच्या पातळ थरात असतो, आणि पीठ दळलं की त्यात उतरतो. निळ्या दाण्यांचा एक जुना गहू आहे, पण तो उंच वाढतो, वारा आला की आडवा होतो आणि पिकतो अगदीच बेताचा. ताईने त्याचा आमच्या भरघोस पिकणाऱ्या गव्हाशी संकर केला. तिला हवा होता बुटका, भरघोस आणि निळा गहू, तिन्ही एका झाडात. रंग जमला की उंची बिघडायची, उंची जमली की रंग पातळ व्हायचा आणि एकाच ओंबीत निळे, फिके, पांढरे असे सगळे दाणे निघायचे. निळे तेवढे निवडून पेरावेत, तर पुढच्या वर्षी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा तिने मोठ्या हौसेने एका गिरणीवाल्याला नमुना दाखवला. त्याने मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि विचारलं, की बाई, हे बियाणं आहे की गोदामाची झाडलोट. ताई तिथे हसली. घरी गेली आणि न जेवता झोपली.

आमचे साहेब वाईट नव्हते, त्यांना फक्त घाई होती. त्यांनी ताईला बोलावून सरळ सांगितलं. वर्षअखेरीपर्यंत एक ओंबी टेबलावर हवी, सगळे दाणे एका रंगाचे, निळे. नाही जमलं तर निळ्या गव्हाचं काम बंद, माझी रोपं वाढवायची खोली, म्हणजे ग्रोथ रूम, बटाट्याच्या विभागाला आणि ताईची बदली दुसऱ्या गावी, बियाणं तपासणीच्या कार्यालयात. तिथे दिवसभर खुर्चीत बसून पोत्यांच्या नमुन्यांवर शिक्के मारायचे. जी बाई चहासुद्धा उभ्याने पिते, तिला ही शिक्षा जन्मठेपेसारखी होती. ती माझ्या दारात आली, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाली, "तुझ्या त्या डब्यांतून काही होईल का?"

होण्यासारखं होतं. परागाच्या कणात झाडाची अर्धीच गुणसूत्रं असतात. तो कण फलनासाठी वापरण्याऐवजी त्यालाच खाऊपिऊ घालून त्याचं रोप केलं, आणि मग त्या रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली, तर दोन्ही वाटे तंतोतंत सारखे होतात. अशा झाडाच्या ओंबीत मिसळ निघूच शकत नाही. सगळे दाणे निळे निघतात, नाहीतर सगळे पांढरे. निळे की पांढरे हे कुठल्या कणाचं रोप झालं त्यावर, म्हणजे निव्वळ नशिबावर, आणि ते दाणा भरेपर्यंत कळत नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि ओंब्या कधी आणू एवढंच विचारलं.

इथून भांडणाला सुरुवात झाली. या कामाला ओंबी पोटरीत असतानाच लागते, म्हणजे ती पानाच्या आवरणातून बाहेर यायच्या आधी. ताईचा हात तिथे चालेना. आयुष्यभर तिने ओंबी बघून झाड निवडलेलं. न बघितलेली ओंबी कापायची म्हणजे तिला पाप वाटायचं. पहिल्या खेपेला तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या त्या छान बाहेर डोकावलेल्या ओंब्या. मी सगळ्या कचऱ्यात टाकल्या. तिने आठवडाभर अबोला धरला आणि मग अगदी हव्या तशा, पोट फुगलेल्या काड्या आणून माझ्या दारात ठेवल्या.

ओंबी धुऊन, हूडखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या पेटीपुढे बसून, चिमट्याने तिच्यातला एकेक परागकोश काढायचा आणि डिशमधल्या अगरच्या पोषक जेलीवर ठेवायचा. चिमटा जरा दाबला गेला की परागकोश फुटतो. मान आखडते, पाठ धरते, आणि एवढं करून चार दिवसांनी डिशवर बुरशी दिसली की रडावंसं वाटतं. मी रडले नाही, बुरशी आलेल्या डिश उकळून टाकल्या आणि पुन्हा बसले. हळूहळू परागकोशांतून पिवळसर गोळे फुगायला लागले. त्यांची डिश बदलली, उजेड दिला, आणि एके सकाळी कोंब दिसले.

पांढरेफटक. एकजात पांढरे. गव्हाच्या बाबतीत हे होतं, मला ठाऊक होतं. पुष्कळशा कोंबांत हिरवा रंग तयारच होत नाही. डिशमधल्या साखरेवर ते जगतात आणि मातीत लावले की मान टाकतात. तरी इतके पांढरे मीही कधी पाहिले नव्हते. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "निळं करायला घेतलं होतं ना गं? मग पांढरं कसं केलंत?" मी तिला समजावायच्या भानगडीत पडले नाही.

त्या सगळ्या पांढऱ्या गर्दीत दोन कोंब हिरवे निघाले. दोन्ही जगले, कुंडीत गेले. एक असा फोफावला, की शेजारच्या खोलीतले बटाटेवाले त्याला पैलवान म्हणायला लागले. दुसरं रोप किडकिडीत, पानं अरुंद, रंग उतरलेला. ते काडी. हे बटाटेवाले म्हणजे बटाट्याच्या विभागाचे प्रमुख, माणूस गमत्या. बटाट्याचं बरं असतं, एका कोंबाचे दहा तुकडे केले की दहा रोपं होतात. ते रोज माझ्या काचेतून डोकावायचे आणि विचारायचे, की वहिनी, तुमची खोली आम्हाला कधी मिळणार.

मी दोन्ही रोपांच्या पानांची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काडीच्या पानावरची छिद्रं लहान होती. म्हणजे ती नक्की परागकणाची, अर्ध्या गुणसूत्रांची. पैलवानाची मोठी होती. मग तो एकतर परागकणातून येऊन आपोआप दुप्पट झाला होता, किंवा परागाचा नव्हताच, परागकोशाच्या भिंतीतून उगवला होता. पहिलं असलं तर लॉटरी. दुसरं असलं तर तो केवळ आपल्या आईची नक्कल, आणि त्याच्या ओंबीत पुन्हा तीच मिसळ. साहेबांनी पैलवानाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. माझी नजर मात्र काडीवर होती.

काडी आहे तशी वाढू दिली तर तिला ओंबी येईल पण दाणा धरणार नाही, कारण अर्ध्या गुणसूत्रांचं झाड वांझ असतं. तिची गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसिनच्या पाण्यात तिची मुळं आणि बुडखा बुडवून ठेवायचा. कोल्चिसिन हे विष आहे. हातमोजे घालून करायचं काम, आणि रोप त्यातून वाचेलच असं कोणी सांगू शकत नाही. काडीला बुडातून तीन फुटवे आले तेव्हा मी ताईला म्हटलं, आता बुडवायचं.

ताई म्हणाली, थोडं थांब, गहू कधी कधी स्वतःच दुप्पट होतो. हे खरं आहे, पाचांत एखादं रोप असं करतं. मी म्हटलं, मी पाचांत एकाच्या भरवशावर बसणार नाही. ती म्हणाली, निदान एक फुटवा मुळासकट सुटा करून बाजूला ठेव. मी म्हटलं, विषातून एखादा वाचायचा असेल तर तिन्ही बुडवायला हवेत, दाणा न धरणारा फुटवा काय फुलदाणीत लावायचाय? माझं बोलणं जरा लागलंच. पण हिशेब बरोबर होता आणि आजही मी तेच म्हणते. ताई म्हणाली, "बरं, बरं."

दुसऱ्या दिवशी मी सगळी तयारी केली, काडी कुंडीतून काढली, तर फुटवे दोनच. ताईने सांगितलं, एक वाळला होता, काढून टाकला. ताई खोटं बोलत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मी दोन फुटवे बुडवले, धुतले, पुन्हा लावले. दोन्ही पिवळे पडले. मी खोलीचं तापमान उतरवलं, उजेड कमी केला, त्यांच्याभोवती डोळ्यांत तेल घालून फिरले. दोन्ही मेले. मी ताईला सांगायला शेताच्या बांधापर्यंत उन्हात चालत गेले. तिने माझ्याकडे न बघता "होतं असं" म्हटलं आणि कामाला लागली. मला वाटलं, केवढं हे धैर्य. मला भडभडून आलं.

आता सगळी भिस्त पैलवानावर. त्याला चांगल्या टपोऱ्या ओंब्या आल्या, पिकल्या, आणि साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. मागे बटाटेवालेही उभे राहिले. ताईने एक ओंबी तळहातावर चोळली, तूस फुंकलं आणि हात पुढे केला. गडद निळे, फिके निळे आणि मधूनच पांढरे. पैलवान भिंतीतला निघाला. साहेब रागावले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली, आणि तेच जास्त झोंबलं. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. पुढच्या पेरणीआधी ताईने नव्या गावी रुजू व्हायचं. माझी खोली बटाट्याला गेली. बटाटेवाल्यांनी मात्र त्यानंतर एकदाही थट्टा केली नाही.

ताईचं सामान बांधायला हात लावावा म्हणून मी एका रविवारी तिच्या घरी गेले. दार भावजींनी उघडलं. त्यांच्या हातात पाणी फवारायची बाटली होती. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, "तुझ्या ताईने गवत पाळलंय. कुत्रं पाळलं असतं तर निदान शेपूट तरी हलवलं असतं." मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यापलीकडच्या खिडकीत, एका प्लॅस्टिकच्या डब्यात, अरुंद पानांचं उतरलेल्या रंगाचं रोप उभं होतं. त्याच्यावर ट्यूबलाइट टांगलेली, शेजारी टेबलफॅन. मला ते ओळखायला क्षणही लागला नाही.

काडी. वाळलेला म्हणून सांगितलेला तिसरा फुटवा.

ताई आतून आली आणि दारातच थबकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी दोन दोन रोपं मेली म्हणून रडत होते आणि तू हे घरात लपवून बसली होतीस?"

"तू ऐकत नव्हतीस."

"मग भांडायचंस. चोरी का केलीस?"

"भांडून कधी जिंकलेय मी तुझ्याशी?" ताई म्हणाली.

भावजी बाटली घेऊन हळूच बाहेर सटकले. ताई स्टुलावर बसली आणि तिने रोपाची ओंबी माझ्याकडे वळवली. सगळी फुलं उघडी, तुसं फाकलेली, आत काही नाही. तिने रोज वाट पाहिली होती, की हे आपोआप दुप्पट होईल. झालं नव्हतं. "तुझं बरोबर होतं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला राग होता, वाईटही वाटत होतं, आणि त्या दोन्हींतून माझी नजर डब्याच्या मातीकडे गेली. ओंबी वांझ होती, पण झाड मेलं नव्हतं. त्याच्या बुडाशी नवे कोवळे फुटवे फुटले होते. चार.

मी खाली वाकून ते पुन्हा मोजले. मग ताईला म्हटलं, रडणं पुरे, हे चारही बुडवू. तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली, तीन. मी चार म्हटलं, ती तीन म्हणाली. आम्ही तिथेच, ओट्याशी उभ्या राहून, पुन्हा भांडायला लागलो. या खेपेला ती "बरं, बरं" म्हणाली नाही. म्हणून मला कळलं, की या खेपेला तिचं ऐकायला हवं. तीन ठरले.

खोली नव्हती. मी बटाटेवाल्यांकडे गेले आणि तीन कुंड्यांपुरती जागा मागितली. त्यांनी काही विचारलं नाही. खालचा एक कप्पा रिकामा केला, तिथला पंखा स्वतः लावून दिला आणि म्हणाले, की साहेबांनी विचारलं तर हे बटाट्याचंच एक नवीन वाण आहे असं सांगू. मी मागच्या वेळचं प्रमाण बदललं. कोल्चिसिन कमी, वेळ कमी, पाणी थंड आणि त्यात सतत हवा सोडलेली. ताई पाय धुऊन, माझा ॲप्रन आणि हातमोजे घालून प्रयोगशाळेत आली. ती म्हणाली, की आता मी बुडवते. मरायचे असतील तर माझ्या हातून मरोत. शेतातल्या जड हातांनी तिने ते तिन्ही फुटवे असे अलगद पाण्यात सोडले, की मलाही तसं जमलं नसतं.

दोन मेले. तिसऱ्याने आधी मान टाकली, मग नुसतीच कलती धरली, मग एक वाकडं, जाड पान काढलं. मी त्या पानाची साल काढायला चिमटा उचलला तर ताईने माझा हात धरला. म्हटलं, ठीक आहे, नाही काढत. ओंबी आली तेव्हा बदलीच्या गावी घर बघून झालं होतं. ताई खोकी भरायची आणि दुपारी बटाट्यांच्या खोलीत येऊन त्या कप्प्यासमोर मांडी घालून बसायची. फूल आलं त्या दिवशी तिने ओंबीला बोट लावलं आणि बोट मला दाखवलं. त्यावर पिवळी धूळ होती. पराग. भरलेला, खरा पराग. बटाटेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग स्वतःच ओशाळून बटाट्यांकडे वळले.

वांझपणा गेला होता, रंगाचा प्रश्न राहिला होता. दाणा धरला, तरी तो पांढरा निघू शकत होता, पांढरा आणि एकदम शुद्ध. तसं झालं असतं तर माझी पद्धत बरोबर ठरली असती आणि ताई शिक्के मारायला गेली असती. मला ते नको होतं. पद्धत बरोबर ठरण्याची मला आयुष्यात कधी इतकी भीती वाटली नव्हती. मी सतरांदा म्हटलं, एक तूस दाबून आतला दाणा बघू या. ताई म्हणायची, पिकू दे.

ओंबी पिकली. ताई स्वतः जाऊन साहेबांना घेऊन आली. तिला रुजू व्हायला जेमतेम आठवडा उरला होता आणि साहेब काहीसे नाइलाजाने आले, तोंडावर सहानुभूती घेऊन. ताईने ओंबी काढली, चोळली. तिने तूस फुंकलं आणि मूठ उघडली. मी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, कारण हाताकडे बघायची माझी हिंमत होईना. त्यांनी भिंग मागितलं. मग मी पाहिलं.

ओंबी पुरती भरली नव्हती. दाणे नऊच. पण नऊच्या नऊ निळे, सारखे निळे, एकही फिका नाही. ताई ते एकेक करून उलटवत होती, कुठे पांढरा पोटात लपलाय का म्हणून. नव्हता. साहेबांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "पुढच्या पेरणीला एक वाफा घ्या. हुकमाचं मी बघतो." मग बटाटेवाल्यांकडे वळून त्यांनी विचारलं, की हे तुमच्या कप्प्यात काय करत होतं. बटाटेवाल्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, की साहेब, नवीन वाण आहे.

साहेब गेल्यावर मी डबी पुढे केली. नऊ दाणे एका डबीत, डबी माझ्या थंड कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. हीच रीत आहे. ताईने डबी बाजूला सारली. कागदाच्या दोन पुड्या केल्या, एकीत पाच दाणे घातले, दुसरीत चार. चारांची माझ्या हातात दिली आणि पाचांची स्वतःच्या पिशवीत टाकली.

मी विचारलं, "अजूनही माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ताई म्हणाली. "ठेवला असता तर आज एकही दाणा नसता."

माझी पुडी मी लपवून ठेवली, आणि कुठे ते तिला पेरणीच्या दिवसापर्यंत सांगितलं नाही.